ओव्हरथिंकिंग थांबतच नाही, पुस्तकं वाचून खरंच कुणाला फरक पडलाय का?

फोंड्याची_मी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. वय २७, फोंड्याजवळ राहते, वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, कंपनीच्या बसने येणंजाणं. काम आवडतं. त्रास घरी आल्यावर सुरू होतो. जेवून आडवी झाले की डोक्यात चालू, आज लॉगबुकात वजन लिहिलं ते बरोबर होतं ना, दशांशाचा टिंब चुकला असेल तर, बॅच अडकली तर, ऑडिटमध्ये माझीच सही निघाली तर, नोकरी गेली तर घराचा हप्ता कोण भरणार... हे सगळं अर्ध्या तासात. सकाळी जाऊन बघते तर एंट्री बरोबर असते. तीन वर्षांत एकदाही मोठी चूक निघालेली नाही, तरी रात्री अकरा वाजता सेकंड शिफ्टच्या मैत्रिणीला फोन करून "बघ गे जरा माझं पान" म्हणते. ती बघते, बरोबर आहे म्हणते, दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग मनात येतं हिने नीट बघितलं असेल का.

कामाचं नसेल तर दुसरं काही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. कुणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही तर मी काय चुकीचं बोलले ते वर वर स्क्रोल करून शोधत बसते. गणेश चवथीला मूळ घरी सगळे जमले की लग्नाचं विचारणार, त्याची उत्तरं मी आत्तापासून मनात घोकतेय. आजी म्हणायची मन चिंती ते वैरी न चिंती, ते मी रोज अनुभवते.

पुस्तकं वाचली. सेल्फ हेल्पची पाच-सहा तरी, काही मराठी अनुवाद, काही इंग्रजी. वाचताना अगदी पटतं, पिवळ्या पेनाने ओळी रंगवते, दोन दिवस हलकं वाटतं आणि तिसऱ्या रात्री परत तेच. मग वाटतं हे पुस्तक बरोबर नव्हतं, दुसरं मागवू. तर मला विचारायचंय की कुणाला पुस्तकाने खरंच फरक पडलाय का, पडला असेल तर कुठल्या, आणि तुम्ही नक्की काय केलंत. "विचार करू नको" एवढं सोडून काहीही सांगा, ते घरी रोज ऐकते.

झांजवाला

ताई, माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. डोक्याचा त्रास डोक्यानेच वाचून कसा जाणार? मी आमच्या गावच्या भजनी मंडळात आहे, वास्कोच्या सप्ताहालासुद्धा दरवर्षी भजनाला जातो. हातात झांज, तोंडात अभंग, कान पखवाजाकडे, त्यात विचाराला जागाच उरत नाही. दोन तास बसून उठलो की मन धुतल्यासारखं होतं. तुमच्या देवळात भजन असणारच, जाऊन बसा. गाता येत नसलं तरी चालतं.

सत्तरी_टिप्पर

बाय, मला फरक पडलाय म्हणून लिहितो, मी काही फार वाचणारा माणूस नव्हे.

२०१० ला मी कर्ज काढून टिप्पर घेतला, तेव्हा खनिज वाहतूक जोरात होती, आमच्या बाजूला घरटी ट्रक उभा असायचा. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ट्रक दारात उभा, हप्ता चालू. मी रात्री दोन-दोन वाजता उठून अंगणात ट्रकाभोवती फेऱ्या मारायचो. काय विचार करायचो विचारशील तर सांगता येणार नाही, कारण एकही विचार पुरा होत नव्हता. बँक येणार, लोक बघणार, जामीन राहिलेल्या मेव्हण्याला काय तोंड दाखवणार, इथपर्यंत जायचं आणि परत पहिल्यापासून.

गावच्या वाचनालयात पेपर वाचायला जायचो, तिथे डेल कार्नेगीचं चिंतेवरचं पुस्तक मराठीत मिळालं. मूळ १९४८ चं आहे, म्हणजे जुनं. त्यात विलिस कॅरियर नावाच्या इंजिनियरची हकीगत आहे, एसीवर कॅरियर नाव असतं ना तोच हा. अमेरिकेत मिसुरीमध्ये काचेच्या एका कंपनीत त्याने गॅस साफ करायची मशिनरी बसवली आणि ती हमी दिल्याप्रमाणे चालेना. त्याची झोप गेली. मग त्याने स्वतःला तीन गोष्टी विचारल्या, वाईटात वाईट काय होईल, ते झालंच तर मी मान्य करेन का, आणि मान्य केल्यावर आता त्यातलं किती वाचवता येईल. कंपनीचे वीस हजार डॉलर बुडतील, आपल्याला दुसरी नोकरी बघावी लागेल, यापलीकडे काही नाही हे त्याने मनाशी कबूल केलं आणि मग त्याचं डोकं चालायला लागलं.

मी ते प्रकरण तीनदा वाचलं आणि मुलाच्या वहीचं मागचं पान फाडून लिहायला बसलो. वाईटात वाईट काय? बँक ट्रक नेणार. विकून जे येईल ते वळतं करून उरलेलं कर्ज माझ्या डोक्यावर. तो आकडा मी पहिल्यांदा मांडला, तोपर्यंत मांडलाच नव्हता, नुसता घाबरत होतो. आकडा मोठाच होता, पण तो आकडा होता. मग बायकोला पडवीत बसवून मोठ्याने सांगितलं की ट्रक जाईल आणि इतके पैसे राहतील. ती म्हणाली, जाऊ दे, घर तर जात नाही ना. त्या रात्री मी सहा तास झोपलो, बऱ्याच महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, त्यांची नोटीस यायच्या आधी. मॅनेजरने हप्ता कमी करून मुदत वाढवून दिली. ट्रक चिरे वाहायला लावला, आईबाबांची काजूची बागायत अर्धी सोडून दिल्यासारखी होती ती साफ केली. शेवटी ट्रक विकलाच. २०१५ ला खाणी परत सुरू झाल्या तेव्हा भावांनी आग्रह केला घे परत म्हणून, मी कागदावर तेच तीन प्रश्न लिहिले आणि घेतला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये परत सगळं बंद पडलं हे तुला माहीतच आहे.

मी त्या पुस्तकातलं एवढंच वापरलं. बाकीची पानं वाचली पण आज आठवत नाहीत. तू पाच पुस्तकं वाचलीस, त्यातलं काय काय कागदावर केलंस?

फोंड्याची_मी

दादा, खरं सांगते, काहीच नाही. ओळी रंगवल्या, बस. तुमचं वाचून पोटात कालवलं, कारण पुस्तकात "हे लिहून बघा" असं जिथे होतं ती पानं मी नंतर करू म्हणून उलटलीत. लिहायची भीती वाटते. लिहिलं तर ते खरं होईल असं काहीतरी वाटतं. अशी भीती कुणाला वाटलीय का?

तरवटी_काका

मी तेवीस वर्षं जहाजावर काढली, इंजिन रूममध्ये. नऊ-नऊ महिने घरापासून लांब असलं की काळजी काय असते ते आम्हा तरवट्यांना विचारा, तेव्हा तर फोनसुद्धा बंदराला लागल्यावरच. घरी मुलगा आजारी, पत्र तीन आठवड्यांनी मिळायचं, तोपर्यंत तो बरा होऊन शाळेत जायला लागलेला असायचा आणि मी मात्र पत्र मिळाल्या दिवसापासून जागा.

वरच्या भावाने सांगितलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात विल्यम ऑस्लर या डॉक्टरची गोष्ट आहे. १९१३ मध्ये येल विद्यापीठातल्या पोरांपुढे तो बोलला. बोटीने अटलांटिक ओलांडताना त्याने बघितलं की कॅप्टन एक बटन दाबतो आणि जहाजाचे कप्पे एकमेकांपासून बंद होतात, पाणी शिरलंच तर एका कप्प्यात राहतं. तसा दिवसाचा कप्पा करा, काल आणि उद्या दोन्हीकडची दारं लावा, असं त्याने सांगितलं.

मला हे लगेच कळलं कारण ती दारं मी स्वतः बंद केलीत, ड्रिलला आणि एकदा खरोखरची गरज पडली तेव्हासुद्धा. पण त्यात एक गोष्ट आहे जी पुस्तक वाचणाऱ्याला पटकन लक्षात येत नाही. दार पाणी शिरल्यावर शोधत बसायचं नसतं. ड्रिल आधी होते, पुन्हा पुन्हा होते, तेव्हा कुठे अलार्म वाजल्यावर हात आपोआप तिकडे जातो. तू रात्री अकरा वाजता बिछान्यात दार लावायला बघतेस, तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असतं. ड्रिल दिवसा कर. लॅबमधून निघताना पान एकदा बोट ठेवून मोठ्याने वाच, सही कर, वही मिट, आणि तिथेच मनात म्हण की हा कप्पा बंद. रोज, कामाचा भाग म्हणून. आणि उद्याचं प्लॅनिंग करू नको असं ऑस्लरला म्हणायचं नव्हतं, तो स्वतः भयंकर कामाचा माणूस होता.

म्हापशाची_वाचक

बाय, मी निवृत्त शिक्षिका, वयाने तुझ्या आईएवढी असेन. लांब लिहिणार आहे, सवडीने वाच.

आधी तुझ्या भीतीचं. लिहिलं की खरं होईल असं वाटणं अगदी कॉमन आहे, मलाही वाटायचं. माझे यजमान गेले त्यानंतरची दोन वर्षं मी मुलाबद्दल असलं काही मनात आणायचंच नाही म्हणून झटायची, आणि तेच दिवसभर यायचं. का येतं ते मला नंतर वाचून कळलं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली तेव्हा आधी दाबणाऱ्यांना अस्वल जास्तच आठवलं. म्हणून "विचार करू नको" हा सल्ला प्रेमाने दिला तरी उलटा बसतो, आणि "नेहमी पॉझिटिव्ह राहा" एवढंच सांगणारी पुस्तकं मला याच कारणाने आवडत नाहीत. तीही अस्वल दाबायलाच सांगतात.

मग करायचं काय, तर काळजीला वेळ ठरवून द्यायची. थॉमस बोर्कोवेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे करून बघितलं होतं. रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की तिला ओळखायचं, "तुझी वेळ साडेसहाची" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं. साडेसहाला मात्र खरंच बसायचं, टाळायचं नाही. ऐकायला पोरकट वाटतं पण यात दाबणं नाही, पुढे ढकलणं आहे, आणि मन दाबण्याला जेवढा विरोध करतं तेवढा पुढे ढकलण्याला करत नाही असा माझा अनुभव आहे. जागा बिछान्यापासून लांब हवी. मी परसात तुळशीपाशी पाटावर बसायची. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरायचा नाही, महिन्याने दहा मिनिटांत लिहायचं संपायला लागलं आणि बाकीचा वेळ मी नुसती बसून राहायची.

लिहिताना एक सवय लाव. प्रत्येक काळजीपुढे लिही, यात मला उद्या काही करता येण्यासारखं आहे का. असेल तर काय आणि किती वाजता. नसेल तर नुसती फुली. लग्नाचं कोण काय विचारेल याच्यापुढे फुलीच येणार.

झांजवाल्या भाऊंचं मला पटतं, पण अर्धं. भजनात मन खरंच रमतं, मीही जाते. पण हिची अडचण रात्री अकराला सुरू होते, तेव्हा देऊळ बंद असतं आणि ती एकटी असते. शिवाय आपल्याकडे रामदासांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले ते मुळात मनाशी बोलणंच आहे. "मना" म्हणून हाक मारतात, आणि "सज्जना" म्हणतात, म्हणजे रागावून नाही. मी ते लहानपणापासून पाठ म्हणत होते पण मन म्हणजे मी नव्हे, त्याला समोर बसवून दोन गोष्टी सांगता येतात, हे मला पन्नाशीत कळलं. तेव्हा डोक्यानेच डोक्याचं काही होत नाही असं नाही हो भाऊ.

पुस्तक विचारलंस तर मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचाराबद्दल वाच, म्हणजे भीतीमागचे अविवेकी विचार तपासून बदलायचे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती रुजवली. अंजली जोशींची "मी अल्बर्ट एलिस" ही कादंबरी आहे, गोष्टीसारखी वाचता येते. एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. त्याने ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बॉटनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच. महिनाभरात शंभर जणींशी बोलला. एकच भेटायला येते म्हणाली आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली, कारण शंभरदा नकार मिळूनही आकाश कोसळलं नाही हे त्याने स्वतः अनुभवलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने आधी तत्त्वज्ञान भरपूर वाचलेलं होतं आणि नुसत्या वाचण्याने भीती गेली नव्हती.

विकत घेत बसू नकोस. पणजीला पाटो भागात सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, एवढी जुनी सार्वजनिक लायब्ररी देशात दुसरी नाही म्हणतात. एका वेळी एकच पुस्तक आण, त्यातला एकच व्यायाम घे, तीन आठवडे तेवढाच कर. पुढचं पुस्तक तोवर बंद. नवीन पुस्तक मागवताना जे बरं वाटतं ना, ते मैत्रिणीने "बरोबर आहे" म्हटल्यावरच्या दहा मिनिटांसारखंच आहे, विचार करून बघ.

नाव_नको

वरच्या बाईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. मला असाच त्रास होता, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, आणि नवऱ्याला दिवसातून दहा वेळा विचारायचे. मी पुस्तकांवर वर्षभर काढलं आणि त्या वर्षात माझं वजन नऊ किलो उतरलं. शेवटी बहिणीने बांबोळीला मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत नेलं. तिथे काय म्हणतील या भीतीने मी गाडीतून उतरत नव्हते. डॉक्टरांनी आधी थायरॉइड वगैरे तपासायला लावलं, मग शांतपणे समजावलं की दुसऱ्याकडून खात्री करून घेणं हेच या आजाराचं खाणं आहे, जेवढं घालाल तेवढी भूक वाढते. काही महिने गोळ्या घेतल्या आणि सोबत समुपदेशन. नवऱ्यालाही सांगितलं की तिने विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, प्रेमाने हात धरायचा. पहिले चार दिवस मी रडले.

म्हणून तुला एवढंच, की मैत्रिणीला फोन करणं हळूहळू बंद कर, तिलाही सांगून ठेव. आणि झोप, जेवण, काम यातलं काही दोन-तीन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर पुस्तकात अडकू नको, डॉक्टरला दाखव. तिथपर्यंत जायची हिंमत नसेल तर १४४१६ वर फोन कर, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं. आणि समुपदेशन म्हणजे मोठ्या शहरातलं काहीतरी असं नाही. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ संस्थेने साध्या शिकलेल्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना तयार करून नैराश्याच्या पेशंटांशी सहा ते आठ बैठकांत बोलायला लावलं आणि त्याने लोक बरे झाले, तो अभ्यास २०१७ च्या लॅन्सेटमध्ये छापून आलाय. मला हे आधी माहीत असतं तर ते एक वर्ष वाचलं असतं.

फोंड्याची_मी

सगळ्यांना देव बरें करूं. तीन आठवड्यांनी परत येऊन लिहितेय, मुद्दाम थांबले होते.

नवीन पुस्तक आणलं नाही. वही घेतली. साडेसहाला घरी बसणं जमेना कारण आई समोर असते, मग बसमध्ये करायला लागले. वेर्ण्याहून बस सुटली की वही काढायची, बोरीच्या पुलापर्यंत लिहायचं, पूल संपला की वही बंद. पहिले तीन दिवस हात थरथरत होता, वर बस हलणारी, माझं मलाच वाचता येत नव्हतं. पण लिहिलेलं काही खरं झालं नाही. टिप्परवाल्या दादांसारखं लॉगबुकाचं वाईटात वाईट लिहिलं. चूक निघाली तर डेव्हिएशन (चुकीची रीतसर नोंद) उघडणार, चौकशी होणार, मला परत ट्रेनिंगला बसवणार. यापुढे मी लिहायला गेले नोकरी जाणार, आणि पेन थांबलं, कारण आमच्या सेक्शनला मागच्या तीन वर्षांत तिघांच्या चुका निघाल्या आणि तिघंही अजून आहेत, त्यातली एक आता माझी सिनियर आहे. हे मला माहीत होतं हो. पण रात्री कधी आठवलं नव्हतं.

मैत्रिणीला सांगून टाकलं. एकवीस रात्रींपैकी सात वेळा फोन केला, त्यातल्या शेवटच्या दोनदा तिने "सांगणार नाही" म्हणून प्रेमाने ठेवला. एकदा रडू आलं, एकदा तशीच झोपले. मेसेजचं अजून तसंच आहे, त्यात काही सुधारणा नाही. काकांचं बोट ठेवून मोठ्याने वाचायचं मात्र आता लॅबमधल्या अजून दोघी करतात. दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर डॉक्टरकडे जायचं हे ठरवून तारीख वहीत लिहिलीय.

एक अडलंय. आईच्या ऑपरेशनचं वाईटात वाईट लिहायला घेते आणि पुढे जात नाही. तिथे आकडा कुठला मांडणार, दादा?

सत्तरी_टिप्पर

तिथे मांडू नको बाय. ट्रक माझा होता म्हणून मी मांडला. गुडघा आईचा आहे, तिला विचार की तिला कसली काळजी वाटते, आणि ती जे सांगेल ते लिही.

फोंड्याची_मी

विचारलं. काल रात्री, भांडी घासताना. तिला ऑपरेशनची भीती नाहीये. पाय दुखतोय म्हणून चवथीला जमिनीवर बसून माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळा-पानांचं) सामान कोण निवडणार, मला काय काय घ्यायचं ते माहीतच नाही, याची तिला काळजी होती. अर्धा तास ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते, कांगलां, मात्तीचे कात्रे, अजून बरंच. डॉक्टरांकडून चवथीनंतरची तारीख घेतलीय.